उकरून बघायचं नाही

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घ चुकतात. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. बाबालालचाचांना ओळखणारी माणसं आता थोडी उरली, म्हणून लिहिते.

लढाईच्या वर्षांत लष्कराच्या लॉऱ्यांनी उंब्रजजवळचा सिमेंटचा रस्ता पार चिरडला होता. आम्ही बायका तो आणखी फोडून तुकडे जागच्या जागी चोपून बसवायचो. वर खडी-डांबर पडण्याआधी आमचे मुकादम, म्हणजे चाचा, एकेक तुकडा तपासत. तुकड्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, शेजारच्या तुकड्यावर घण मारायला लावायचा आणि उकिडवं बसून पाण्याकडे बघायचं. पाणी थरथरून थांबलं तर ठीक. सांडलं की खाली पोकळ.

"उकरून बघा की चाचा, लगीच कळंल," मी नवी असताना म्हणाले होते.

"आगं, उकरलं की बसल्यालं बी उठतंय. हलवायचं न्हाई, नुसतं इचारायचं." मग हसले. "आन् तू बोलतीस व्हय? मला वाटलं, मुकीच धाडली."

माणसांशीही ते तसेच वागत. माझा नवरा पलटणीत होता, वर्षभर पत्र नव्हतं. बायका खोदून खोदून विचारायच्या. चाचा रोज एवढंच म्हणत, "जेवलीस का गं?" मी 'हो' कसं म्हणते, त्यावरून त्यांना कळायचं.

तपासणी ते भल्या सकाळीच करत. उन्हात सिमेंट फुगतं, तुकडे एकमेकांत आवळतात, खाली पोकळ असलं तरी पाणी सांडत नाही. "दुपारी समदीच घट्ट असत्यात," म्हणायचे.

एका सकाळी नवरा गेल्याची तार कामावरच आली. मी खडीच्या ढिगावर बसले ती उठेना. चाचांनी मला बैलगाडीतून गावी नेलं, सासूच्या हाती दिलं. ते परतले तेव्हा ऊन माथ्यावर होतं. संध्याकाळी डांबर पडायचं होतं, ठेकेदार ओरडत होता. त्यांनी तांब्या ठेवला. पाणी सांडलं नाही.

पावसाळ्यात तिथंच रस्ता खचला. सांगलीच्या तातोबा गाडीवानाच्या बैलाचा पाय मोडला. ठेकेदारानं हात वर केले. चाचा आपणहून तातोबांकडे गेले. "मी पास केल्ता. बैल मी भरून देतो." मग मजुरीतून थोडे थोडे देत राहिले. त्या सकाळी आपण कुठं होतो, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी विषय काढला तर म्हणाले, "तू नगं उकरूस."

पुढे त्यांची छाती धरली. मी भेटायला गेले तेव्हा धाप लागत होती. "तातोबाचं ऱ्हायलंय थोडं," म्हणाले. "लोक म्हनतील, बाबालालनं डोळं झाकून पास केलं आन् पळाला." त्याच आठवड्यात ते गेले.

नवऱ्याच्या पेन्शनचे साठलेले पैसे घेऊन मी सांगलीला गेले. परक्या पुरुषाशी एकटीनं बोलायची ती पहिलीच वेळ. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं, त्या सकाळचंही.

तातोबा उठून दाराशी आले. "मी त्येला आंधळा म्हनलो हुतो, बाई. भर गाडीअड्ड्यावर. त्यानं तवाबी तोंड उघडलं न्हाई."

त्यांनी पैसे मोजून बंडीच्या खिशात ठेवले आणि पायताण घातलं.

"फिटलं," म्हणाले. "अड्ड्यावर म्हनलो हुतो, अड्ड्यावरच जाऊन सांगतो."