घुमारचा डावा खांदा

इतर लोक वस्तूला गुण देतात. हा गृहस्थ वजा करायचा. टाइल्सच्या दुकानात त्याचं कामच ते होतं. खोक्यातून टाइल काढायची, बोटाच्या पेराने टकटक करायची, कानाशी धरायची आणि पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीत ढकलायचा. दुकानाला असा माणूस हवाच असतो. घराला तो कितपत हवा असतो, हे अजून निश्चित व्हायचं आहे.

बायकोने केलेला चहा त्याच्या लेखी सात पूर्णांक दोन. शेजाऱ्यांचा नवा जिना पाच पूर्णांक नऊ. मेहुणीचं बाळ दवाखान्यात पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा "डोकं मागून किंचित चपटंय, पण एकूण बरं उतरलंय" असं तो म्हणाला होता, आणि मेहुणी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. ओळखीचे सगळे त्याला दशांश म्हणत. कौतुकाने म्हणतात, अशी त्याची समजूत होती.

पैकीच्या पैकीच्या आसपास पोचलेली एकच वस्तू त्याच्या घरात होती: काचेच्या कपाटातला घुमार. घुमार म्हणजे एका जुन्या अंतराळपटातला यानचालक. डोक्यापासून नखापर्यंत तपकिरी केस, बोलणं नाही, नुसती घशातली गुरगुर. दशांशला लहानपणी मिळालेली ती वीतभर मूर्ती त्याने जिवापाड जपली होती. तिला नऊ पूर्णांक आठ होते. उरलेले गुण माणसाने नम्र असावं म्हणून राखून ठेवलेले.

अशा वस्तू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. पोरंबाळं असलेले, टक्कल पडलेले पुरुष सुटीच्या दिवशी एकत्र जमत आणि कधीही खोक्याबाहेर न काढलेल्या खेळण्यांविषयी दबक्या आवाजात बोलत. मंडळाच्या मासिकाचं शेवटचं पान दशांशचं. तिथे त्याने लिहिलं की विषय संपला, कारण वाद घालण्याइतका रिकामा वेळ फक्त त्याच्यापाशीच होता.

चित्रपटाच्या वर्धापनानिमित्त नवा घुमार बाजारात आला. केस खऱ्यासारखे, सांधे हलणारे, आणि मापं म्हणे थेट चित्रपटातल्या दृश्यांवरून घेतलेली. दशांशने जेवणाचं टेबल पुसून घेतलं, वर दिवा ओढला, हातमोजे चढवले आणि केस विंचरायला कोरा टूथब्रश काढला.

"जेवायचं कुठे मग?" बायकोने विचारलं.

"आज ताटं हातात घ्या."

"बाहुलीला नवा ब्रश! आणि माझ्या बाबांच्या ब्रशची नुसती दांडी उरलीय, ती नाही दिसत."

"बाहुली नाही. फिगर म्हण."

बाबा म्हणजे दशांशचे सासरे. मागच्या खोलीत राहत, आणि दारातून येताना वाकून येत, इतके उंच. तरुणपणी चित्रपटाच्या स्टुडिओत दिवे वाहायचं काम करत. त्यांचं सांगणं असं, की घुमार व्हायला आणलेला नट केसांच्या पोशाखातल्या उकाड्याने पहिल्याच दिवशी पळाला. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळ्यांत उंच हमालाला आत कोंबलं. श्रेयनामावलीत नाव राहिलं पळालेल्याचं. पुरावा म्हणून त्यांच्याकडे एक अल्बम होता. त्यातले बाबा कोणते असं विचारलं, की ते प्रत्येक फोटोत केसांच्या ढिगावर बोट ठेवत.

आताही त्यांनी टेबलाकडे पाहून म्हटलं, "जावईबापू, हा मी."

"हो हो," दशांश म्हणाला. पलंगाखाली वाघ आहे असं सांगणाऱ्या पोराला म्हणतात, तसं.

मग त्याने नव्या घुमारशेजारी कपाटातला जुना उभा केला आणि नाक फेंदारलं. जुन्याचे खांदे पट्टीसारखे एका रेषेत, नव्याचा डावा खाली उतरलेला. साच्यातला दोष! सहा पूर्णांक चार. मासिकात तसं छापूनही आलं. चित्रपट पुन्हा लावून बघावा, हे त्याला सुचलं नाही आणि मंडळात कोणालाच सुचलं नाही. खेळण्याची परीक्षा खेळण्याशीच करायची, हा तिथला रिवाज होता.

इकडे बायकोने वेगळीच कळ दाबली होती. तिने मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या दातांच्या डॉक्टरांना, बाबांची हकीकत सांगितली. अध्यक्षांचा दशांशला फोन आला.

"अहो, खरं असेल तर मेळाव्यात त्यांना स्टेजवर मधली खुर्ची देऊ! तुम्हीच काय ते सांगा. घुमारला तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

ते ऐकल्यापासून बाबांचा पांढरा सदरा इस्त्री होऊन दारामागे टांगला गेला. येईल त्याला ते तो दाखवत. आयुष्यभर केसांच्या आत राहिलेल्या माणसाला एकदा स्वतःचा चेहरा दाखवत लोकांसमोर बसायचं होतं. एवढीच मागणी, आणि ती जावयाच्या एका शब्दावर अडलेली.

एका सकाळी दशांश दात घासत होता. बाबा बोळात टॉवेल घेऊन बाथरूम रिकामं व्हायची वाट बघत होते, मागून खिडकीचा उजेड. दशांशने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा टेबलावरच्या नव्या घुमारकडे, आणि ब्रश तोंडातून काढला.

"बाबा, जरा सरळ उभे राहा बघू."

"उभाच आहे की."

"तसं नाही. अगदी सरळ."

"अहो, हाच माझा सरळ. याच खांद्यावरून दिवे वाहिले. आता तो वर यायचं नाव काढत नाही."

टेप आली. फरशीपासून उजवा खांदा, फरशीपासून डावा. दशांशने भागाकार केला, आणि नव्या घुमारशी उत्तर दशांशापर्यंत जुळलं. त्याचा चेहरा असा उजळला, जसा लग्नातही उजळला नव्हता. मग त्याला मासिकाचं शेवटचं पान आठवलं.

"माझं चुकलं" हे वाक्य त्याने आजवर कधी खोक्याबाहेर काढलं नव्हतं. न वापरलेल्या वस्तूचं मोल तो जाणत होता. त्याने अध्यक्षांना कळवलं, "स्टेजवरच तपासू, सगळ्यांदेखत." आणि सासऱ्यांना लाडाने सांगितलं, "मेळाव्यात तेवढा डावा खांदा वर ठेवा हं बाबा. नाहीतर लोक म्हणतील, सासरा वाकलाय आणि जावई ढुंकून बघत नाही."

बाबांनी मान डोलावली. पोशाखाच्या आत असताना बाहेरचा जसा हात करेल तसं उभं राहायची त्यांना सवयच होती.

मेळाव्यात नवा घुमार एका उंच स्टुलावर ठेवला होता आणि शेजारी बाबा उभे होते. पांढरा सदरा, श्वास कोंडलेला, खांदा ओढून वर घेतलेला, चेहरा लालबुंद. खाली कुजबूज सुरू झाली.

"उंची आहे, पण ती ढब नाही बुवा."

"मूळ खोका आहे का?" मागून एक औषधवाले ओरडले.

दशांशने माइक हातात घेतला आणि आवाज दुःखी केला. "मंडळी, नातं नात्याच्या जागी आणि सत्य सत्याच्या जागी..."

तेवढ्यात त्याची बायको खुर्चीवरून उठली. "बाबा! सरळ उभे राहा!"

बाबा गोंधळले. जावई तर पाठीमागून पंजा वर-वर करत होता.

"त्यांचं सरळ नव्हे! तुमचं सरळ!"

बाबांनी मुलीकडे पाहिलं, जावयाच्या पंजाकडे पाहिलं, आणि कोंडलेला श्वास सोडला. डावा खांदा खाली आला, त्याच्यामागून मान आली, आणि श्वासाबरोबर घशातून एक गुरगुर निघाली. पुढच्या रांगेतल्या टकल्या गृहस्थांनी तोंडावर हात ठेवला. एकाचे तर डोळे भरून आले. टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नव्हते. सगळ्यांनी फोन काढले होते.

माइक अजून दशांशच्याच हातात होता.

"खरा आहे," तो म्हणाला. पुढे जे म्हणायला हवं होतं, त्याऐवजी म्हणाला, "वयोमानाने थोडी झीज आहे. मूळ खोका नाही."

सभागृहाने गंभीरपणे माना डोलावल्या. बाबांना मधली खुर्ची मिळाली.

पुढच्या अंकात माफी वगैरे काही नव्हतं. एक शोध होता: जुन्या घुमारचे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत, हा साच्यातला गंभीर दोष असून आधीच्या परीक्षकांच्या तो लक्षात आला नाही. सबब नऊ पूर्णांक आठवरून सहा पूर्णांक चार. आधीचे परीक्षक कोण, हे सांगायचं राहून गेलं होतं.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "जावईबापू, आणि मला किती हो?"

"सांगा ना," स्वयंपाकघरातून आवाज आला. "नीट विचार करून सांगा. ताटं मी वाढतेय."

दशांशने बाबांना डोक्यापासून नखापर्यंत न्याहाळलं.

"दहा," तो म्हणाला. मग राहवलं नाही. "जवळजवळ."

"बरं," बायको म्हणाली, "मग तुम्हालाही जवळजवळच वाढते."