घाटात थांबलेली गॅसची पिकअप

आमचा केटरिंगचा धंदा. शेगड्या, पातेली, पाण्याची टाकी, असं सगळं स्वयंपाकघर आम्ही एका ट्रॉलीवर बसवून घेतलंय. सिन्नरकडची कामं सपाटीवरची, त्यांची चिंता नव्हती. पण डोंगरातल्या पेठकडच्या ऑर्डरी वाढल्या आणि ट्रॉली ओढणारी जुनी गाडी घाटात धापा टाकायला लागली. दुसरी पिकअप घ्यायचं ठरलं आणि माझे मोठे दीर तज्ज्ञ म्हणून पुढे सरसावले. उभ्या आयुष्यात त्यांनी स्कूटरखेरीज काही चालवलेलं नाही.

“डिझेलचे दिवस संपले,” ते म्हणाले. “आता गॅसचीच घ्यायची.”

“आत डोंगरात गॅस कुठे भरायचा, भाऊजी?”

“होतील की पंप.”

म्हणजे पंप होईपर्यंत वऱ्हाडानं उपाशी बसायचं. माझा नवरा चहा पीत होता. थोरल्या भावापुढे त्याचं तोंड फक्त चहासाठी उघडतं.

एजंटाकडे दोन्ही प्रकारच्या जुन्या गाड्या होत्या. भाऊजींना त्यानं गॅसची चांगली म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे वळून डिझेलची चांगली म्हणूनही सांगितलं. मी म्हटलं, “आमची भरलेली ट्रॉली जोडून घाट चढवा, मग बोलू.” त्याचा चेहरा पडला, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून तयार झाला.

एजंट स्वतः चालवायला बसला. गॅसची गाडी पहिल्या चढाला कुरकुरली. पुढच्या वळणावर जळक्या क्लचचा वास आला आणि ती थांबली. “पेट्रोलवर घ्या,” भाऊजींनी हुकूम सोडला. पेट्रोलवरही ती तसूभर पुढे जाईना, उलट मागे सरकायला लागली. मी आणि नवऱ्यानं उतरून चाकांमागे दगड लावले. भाऊजी आतच बसून राहिले. काच खाली करून म्हणाले, “चढ फार उभा काढलाय. रस्ता बांधणाऱ्यांना अक्कल नाही.”

एजंटाचा माणूस डिझेलची गाडी घेऊन मागून आला होता; ट्रॉली सोडवून तिला जोडली. ती काळा धूर सोडत, पण न थांबता वर गेली. मी तिथेच सौदा पक्का केला.

गाडी घरी आली तेव्हा नारळ भाऊजींनीच फोडला. पूजेला आलेल्या पाहुण्यांना ते सांगत होते, “मी आधीच म्हटलं होतं, घाटात डिझेलच लागतं.” सासूबाई कौतुकानं मान डोलवत होत्या. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग पेढ्यांचं ताट उचलून सगळ्यात आधी भावापुढे धरलं.