कवळीवाल्याने राखून ठेवलेला इलाज

माझ्या तोंडातले सगळे दात त्याने केलेले आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं. तरी बोलतोच. बोलल्याशिवाय मला जेवण पचत नाही.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर तो आणि त्याची थोरली बहीण राहतात. तो बावन्न वर्षांचा, केस गेलेला, पोट आलेला. बहीण अजून त्याला बाळ्या म्हणते. तीस वर्षं तो कवळ्या बनवतोय. दवाखाना डॉक्टरीणबाईंचा, हा मागच्या खिडकी नसलेल्या खोलीत, मेण आणि प्लास्टरच्या धुळीत. रोगी त्याला बघत नाहीत आणि तो रोग्यांना फक्त हिरड्यांच्या साच्यावरून ओळखतो. रस्त्यात भेटला की आधी माझ्या जबड्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

तर हा गृहस्थ दर रविवारी दुपारी दोन ते पाच घरी आपल्या खोलीचं दार लावून बसायचा. आतून बोलण्याचे आवाज यायचे, मधूनच हसण्याचे. गल्लीने ठरवून टाकलं की बाई आहे. ती विधवा आहे, एवढी भर मी घातली. बहिणीच्या कानावर गेलं आणि ती रागावण्याऐवजी हरखलीच. मला म्हणाली, काका, जरा बघून या ना, मुलगी बरी आहे का.

कवळी खुपतेय असं निमित्त काढून गेलो. बाई कुठली. जुना संगणक, कानाला हेडफोन, आणि पडद्यावर बंदुका घेऊन पळणारी माणसं.

माझी निराशा लपली नसावी, कारण त्याने मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. गेम पंचवीस वर्षांपूर्वीचा. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. पण जगात कुठे कुठे वीसेक माणसं अशी उरली होती की ज्यांना तोच गेम खेळायचा होता. नवे संगणक आले की जुना गेम त्यावर उघडता उघडताच बंद पडायचा. मग हा बसायचा, चूक शोधायचा, एक छोटीशी फाइल बनवून सगळ्यांना पाठवायचा. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की गेम पुन्हा उभा. मोठ्या पडद्यावर बंद पडायचा, ते याने बरं केलं. सुरू होताना तो बुडालेल्या कंपनीच्या यंत्राचा पत्ता शोधत बसायचा, ते याने बंद केलं आणि पत्ता स्वतःच्या संगणकाचा दिला. म्हणजे रविवारचा सगळा खेळ याच्या खोलीतल्या त्या खोक्यावर चालायचा.

खेळायला मात्र तो अगदीच भिकार. सगळ्यांत आधी मरायचा. पण ते सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. दवाखान्यात चुकून बाहेर दिसला तर ज्याला लोक हात धुवायचं बेसिन कुठे विचारतात, त्याला.

एक दुखणं तेवढं राहिलं होतं. कुणी बॉम्ब फेकला आणि तो हवेत असतानाच फेकणारा गेम सोडून गेला, तर बॉम्ब जमिनीवर पडताना गेम विचारायचा, हा कुणाचा? मालक सापडायचा नाही, आणि गेम सगळ्यांना घेऊन कोसळायचा. कुणाच्या घरची बेल वाजायची, कुणाचं पोर रडायचं, माणसं अशी मध्येच उठून जातातच. दर रविवारी दोनदा तरी व्हायचं. मग सगळे पडद्यावरच्याच गप्पांच्या खिडकीत बोलायला जमायचे, तो गेम परत सुरू करायचा, त्यात चार मिनिटं जायची. त्या चार मिनिटांत कुणी सुनेच्या तक्रारी सांगायचं, कुणी गुडघ्याच्या. सगळे म्हणायचे, डॉक्टर, बघा ना जरा. ते हसणं त्या चार मिनिटांतलं होतं.

त्यांच्यातला एक खरोखरचा शिंपी होता. तो दर महिन्याला विचारायचा, डॉक्टर, एवढं एक दुखणं बरं होणार नाही का? हा लिहायचा, प्रयत्न चालू आहे.

आता खरी गोष्ट. इलाज तयार होता. दोन वर्षांपासून. संगणकात 'नंतर' नावाच्या फोल्डरमध्ये पडून होता. हे त्याने मला माझी कवळी घासता घासता सांगितलं, माझ्या तोंडात दात नसताना, म्हणजे मला मध्ये बोलता येऊ नये अशी वेळ साधून.

म्हणाला, "काका, कवळी नीट बसली की माणूस पुन्हा येत नाही. ज्याची खुपते, तोच येतो. तीस वर्षं बघतोय."

मी बिनदातांचा हसलो. तो हसला नाही.

कारण माणसं कंटाळायला लागली होती. विसाचे चौदा झाले, चौदाचे सात. जिंकत आलेला डाव मोडला की आधी थट्टा व्हायची, आता शिव्या यायला लागल्या. चार मिनिटांत परत यायचे ते येईनासे झाले. मी म्हटलं, अरे, देऊन टाक ना. तो म्हणाला, बघतो. पुढच्या रविवारी शिंप्याने लिहिलं की आम्ही सगळे एका नव्या गेमवर जातोय, तिथे मध्येच बंद पडत नाही, तुम्हीही या.

हा गेला नाही. तिथे याला डॉक्टर कोण म्हणणार? तिथे तो फक्त सगळ्यांत आधी मरणारा.

त्याच संध्याकाळी त्याने 'नंतर' उघडलं आणि फाइल एक शब्दही न लिहिता सगळ्यांना पाठवली. दोन रविवार दार लावून बसला. आतून आवाज आला नाही. बहिणीला मी खरं काय ते सांगितलंच नव्हतं. ती मला म्हणाली, मोडलं वाटतं. मी म्हटलं, हो, मोडलं.

तिसऱ्या रविवारी त्याने मला बोलावलं. त्याला एक खात्री करून घ्यायची होती. तो इलाज लागू पडतो की नाही, हेच त्याला ठाऊक नव्हतं. पाहायला दोन माणसं लागतात, एक बॉम्ब फेकून निघून जाणारा आणि एक मागे राहणारा. आणि त्या वीस जणांपैकी कुणाला विचारणार, कुठल्या तोंडाने?

बहिणीच्या लॅपटॉपवर त्याने मला बसवलं. हे बटण दाबलं की बॉम्ब, हे दाबलं की बाहेर. माझी बोटं जाड. पहिल्यांदा मी स्वतःलाच उडवलं. दुसऱ्यांदा भिंतीच्या वरून फेकला आणि लगेच बाहेर पडलो. मग त्याच्या पडद्याकडे वळलो. बॉम्ब खाली आला, एकदा उसळला, फुटला. धूर झाला आणि विरला. गेम चालूच.

"लागू पडला," तो म्हणाला.

"मग कळव त्यांना. शिंप्याला तरी."

"काय कळवू? दोन वर्षं दाबून ठेवला होता म्हणून?"

मी म्हटलं, नुकताच सापडला असं सांग. मी असतो तर तसंच सांगितलं असतं, शिवाय चार गोष्टी पदरच्या घातल्या असत्या. त्याने नको म्हणून मान हलवली. खोटं आधीच बोलून झालं होतं. त्यावर आणखी एक चढवायची त्याच्यात ताकद नव्हती.

पडद्यावर त्याचा शिपाई एकटाच उभा होता, ओसाड गोदामांच्या मधे. वर कोपऱ्यात आकडा होता, वीसपैकी एक. त्याने शिपायाला थोडं चालवलं, एका दारातून आत नेलं, दुसऱ्यातून बाहेर काढलं. कुणी गोळी घातली नाही.

बहिणीने बाहेरून चहा झाल्याची हाक मारली. मी उठलो. म्हटलं, बंद करून ये.

"राहू दे चालू," तो म्हणाला. "आता पडत नाही तो."