बाबांची चुंबळ

फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. बी.ए.चा शेवटचा पेपर दोन दिवसांवर आला होता. काकाचा नंबर दिसला आणि मी तो कापला. लायब्ररीत बोलायचं नसतं, एवढी शिस्त नाशिकने तीन वर्षांत मला लावली होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा जिन्यात जाऊन उचलला. काका म्हणाला, "हिरू, तुजा बाबा इहिरीत घसरला. तू ये." कसे आहेत, असं विचारलं तर तो पुन्हा म्हणाला, "तू ये." मोखाड्याला जीपने नेताना वाटेतच बाबा गेले होते. त्याला आता दीड महिना झाला.

पन्नाशीचा बाप्या विहिरीवर काय करत होता, असं नाशिकच्या मैत्रिणी विचारतात. पाणी भरत होता. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यात उन्हाळ्यात विहीर तळाला जाते. दगडांवर पाय रोवत खाली उतरायचं, झऱ्याचं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं आणि तो डोक्यावर घेऊन तसंच वर चढायचं. हे काम बायकांचं. पुरुष बैल पाण्यावर नेईल, पण डोक्यावर हंडा घेणार नाही; घेतला तर पाडा हसतो. माझे बाबा तीन उन्हाळे स्वतःचं हसं करून घेत होते, आणि ते माझ्यापायी.

बारावीनंतर मला सगळ्यांनी सल्ला दिला. सर म्हणाले नर्सिंग कर, काका म्हणाला पोलीस भरतीला उभी राहा. मला इतिहास शिकायचा होता. का, ते धड सांगता येत नव्हतं. शाळेच्या एकाही पुस्तकात आमच्यासारख्या पाड्याचं नाव नाही याचा राग होता, एवढंच. इतिहास शिकून काय होतं हे बाबांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. त्यांना स्थळ बघायचं माहीत होतं. आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी त्या गावचं पाणी बघतात. बाबांनी कॉलेजंही तशीच बघितली. जव्हारला नळाखाली ओंजळ धरली, घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "गोड हाय." जव्हार जवळही होतं. शनिवारी घरी यायचं, पाणी भरून ठेवायचं, रविवारी परत जायचं. आईच्या गुडघ्यांनी तेव्हाच असहकार पुकारला होता. सगळं जुळत होतं. मीच हट्ट धरला, की नाशिकही बघून तर येऊ.

नाशिकच्या कॉलेजात माळी हिरवळीवर पाइपाने पाणी मारत होता. बाबा तिथेच थबकले. "गवताला?" त्यांनी मला विचारलं. मग माळ्यालाच जाऊन विचारलं. पाइपाचं पाणी प्यायले, पण चव कशी होती ते बोलले नाहीत. मी त्यांना लायब्ररीत नेलं. तीन मजले भरून पुस्तकं. बाबांनी चपला बाहेर काढल्या.

"ह्या सगला वाचशील?"

"बाबा, सगळं कोण वाचतं?"

"मंग ठेवलंय कशाला?"

मी हसले. पण मला तिथून हलावंसंच वाटेना. त्या दिवशी माझ्या मनाने जव्हार सोडलं होतं.

फॉर्म भरायला आम्ही मोखाड्याला बाजाराच्या दिवशी गेलो. बाबा मिरच्या घ्यायला थांबले, मी कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले. नाशिकचा फॉर्म झाला. दुकानदाराने विचारलं, "जव्हारचा भरू?" मी म्हटलं, "नको." एवढंच. पुढे याद्या लागल्या तेव्हा मी घरी सांगितलं, की जव्हारला माझा नंबर लागला नाही. उलट बाबांनीच माझी समजूत काढली. "जाऊ दे. नाशिकला लागला ना? मंग."

आठवड्याभराने त्यांनी जुना टॉवेल फाडला आणि पीळ घालून त्याची चुंबळ वळली. हंडा डोक्यावर टेकायला बायका वळतात तशीच, फक्त घेर मोठा. मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्या दिवशी ते ती डोक्यावर ठेवून विहिरीकडे निघाले. कुणीतरी ओरडलं, "बाई झाला कं रं?" बाबा म्हणाले, "झालो. तुज्या बायकोला इचार, तिच्यापरीस बेस भरतो कं नाय." पुढे फोनवर त्यांनी खेपांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एकच प्रश्न असायचा : "पानी येतं ना तथं?" येतं म्हटलं, की फोन ठेवायचे.

बाबांचं दिवसपाणी झाल्यावर आई एकदा सहज बोलून गेली, "तुज्या नंबरापायी बाबा जव्हारला गेलेला." मी खोटं सांगितलं त्याच आठवड्यात हातापाया पडून बघू म्हणून बाबा कॉलेजच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या माणसाने बिचाऱ्याने दोनदा शोधलं आणि सांगितलं, या नावाचा फॉर्मच आलेला नाही. बाबा संध्याकाळच्या जीपने परतले आणि आईला म्हणाले, "पोरीला काय बोलू नको." मग टॉवेल फाडायला बसले.

म्हणजे तीन वर्षं त्यांना ठाऊक होतं. "पानी येतं ना तथं?" विचारतानाही ठाऊक होतं.

काकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, बाबाने तुला माफ केलं म्हणायचं. मला तसं समाधान नाही. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी रडले असते, जव्हारला गेले असते आणि बाबा आज असते. मी जव्हारला जाईन, बहुधा म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. शेवटचा पेपर राहिला. पुन्हा बसता येतं म्हणतात, पण आईला आता घरातल्या घरातही चालवत नाही आणि पाणी मीच भरते. पुस्तकांची पिशवी कोपऱ्यात आहे, तिची गाठ मी सोडलेली नाही.

चुंबळ दारामागच्या खुंटीवर असते. माझी शेजारीच असते, पण मी बाबांचीच घेते. ती मला मोठी होते. हंडा डुगडुगतो, चढावर पाणी मानेवरून पाठीत उतरतं आणि घरी येईपर्यंत हंडा अर्धा झालेला असतो. आई रोज म्हणते, "हिरू, तुजी घे ना बाय, पानी सांडतं." उद्यापासून घेते, असं मी तिलाही रोज खोटंच सांगते.