चांगली बुरशी, वाईट बुरशी

माती म्हणजे आई, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझा मावसभाऊ अण्णा याच्या ॲव्होकॅडोच्या बागेत ही आई झाडांची मुळं कुजवत होती. बुंध्याशी चिखल असूनही पानं तहानेल्यासारखी लोंबत होती. अण्णाने थोडं उकरून दाखवलं. बारीक मुळं काळी पडली होती, हात लागताच त्यांची साल सुटून येत होती. चार वर्षांची झाडं, यंदा पहिलं फळ धरायचं होतं. आता सबंध ओळच जायची भीती होती.

"औषध सोडलंस का?" मी विचारलं.

"सकाळीच. बुरशीनाशक सोडलं, आणि लगेच मागून ट्रायकोडर्मा. ती चांगली बुरशी असते, वाईट बुरशीला खाते."

"एकाच दिवशी?" मागून आलेल्या वहिनी म्हणाल्या. "दारात विष शिंपडायचं आणि पाहुण्यांना या म्हणायचं! जेवायला उरणार कोण, भाऊजी?"

अण्णा हसला नाही. मलाही हसू आलं नाही. चमचाभर मातीत गावात माणसं नसतील इतके जीव असतात म्हणे. त्यांतले चांगले कोण आणि वाईट कोण हे आपण ठरवतो, पण औषधाला ते सांगायचं राहून जातं. एवढे जीव मेले तरी मातीचा रंग तोच राहतो.

अण्णाने खिशातून ट्रायकोडर्माची रिकामी पुडी काढून माझ्या हातात दिली. मागे बारीक अक्षरांत छापलं होतं : बुरशीनाशकासोबत वापरू नये.