भाजीतली साखर सांगणाऱ्या अक्का

अक्कांना खोटं बोलता येत नसे, आणि त्या माझ्या हॉटेलात स्वयंपाक करत. यातलं संकट हॉटेल चालवणाऱ्यालाच कळेल. गिऱ्हाइकाने "ताजं आहे ना?" विचारलं, की आतून उत्तर यायचं, "सकाळचं हाय, पण चांगलं हाय." मी कपाळाला हात लावायची. गिऱ्हाईक मात्र हसून तेच मागवायचं.

शहरात मस्तगडजवळ मी व्हीगन हॉटेल काढलं, तेव्हा त्याचा अर्थ सांगण्यातच माझा अर्धा दिवस जाई. दूध, दही, तूप, मध, काही नाही. अक्का घनसावंगीकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पहिल्या दिवशी मी काजूच्या ग्रेव्हीत दोन मोठे चमचे साखर टाकली, वरून पळीभर तेल सोडलं, तशा त्या म्हणाल्या, "ताई, ही भाजी हाय का बासुंदी?"

"अक्का, तूप-साय नाही म्हटल्यावर चव कुठून आणायची? हॉटेलात असंच करतात."

"करत असतील," म्हणाल्या आणि कांदा चिरायला बसल्या.

सातवीपर्यंत शिकलेल्या अक्का चष्मा लावून प्रत्येक बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचत. "ह्या सॉसात मीठ हायच. मंग आपण वरून आणखी का टाकून राह्यलो?" असं विचारत. मी उत्तर टाळत असे.

तेव्हा रोज दुपारी एक सर जेवायला येत. मूळचे भोकरदनचे, निवृत्त शिक्षक, घरी एकटेच. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. दूध-तूप सोडलं की तब्येत सुधारते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. ते आमची काजूकरी आणि सोयाचे कबाब पथ्य म्हणून खात, चार जणांना सांगतही. दोनेक महिन्यांनी ते आले, तर पायांवर सूज होती. ताट समोर आल्यावरही जेवेनात. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अक्का, शुगर वाढली माझी. डॉक्टर विचारतात, बाहेर काय खाता. तुमच्या भाजीत साखर असते का हो?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको.

"असती, सर," अक्का म्हणाल्या. "दोन मोठे चमचे. तेल पळीभर. अन् कबाबात मीठ बी लई."

सगळं हॉटेल ऐकत होतं. सर मागे फिरले. ताट तसंच ठेवून निघून गेले. माझा संताप संताप झाला. "उद्यापासून येऊ नका," मी अक्कांना म्हणाले.

त्यांनी हात पुसले. "न्हाई येणार. पण ताई, बोर्डावर दूध न्हाई, तूप न्हाई लिव्हलंय ना? मंग साखर हाय, हे बी लिवा. माणूस इस्वासानं खातो."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ग्रेव्ही केली. साखरेचा पहिला चमचा पडला. दुसरा पडेना. सरांचे सुजलेले पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हते. गॅस बंद केला आणि अक्कांच्या खोलीवर गेले. त्यांनी काही न विचारता ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, भाजलेल्या तिळाची चटणी. मी खाली मान घालून जेवले.

"ह्यात दूध न्हाई, तूप न्हाई, साखर बी न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्याला काय म्हणत्यात तुमच्यात?"

मला हसू आलं आणि रडूही. संध्याकाळी त्या कामावर हजर होत्या.

मग चव त्यांनी आणली. टोमॅटो निखाऱ्यावर भाजून, तीळ-खोबरं मंद आचेवर परतून. कुठल्या पदार्थात किती साखर, किती तेल, किती मीठ, हे बोर्डावर मी लिहिलं. काही पोरं "आजाऱ्याचं जेवण" म्हणून परत गेली. आठवडाभर टेबलं रिकामी दिसायची आणि माझा धीर सुटायचा. अक्का रोज तेवढाच मसाला वाटत. त्याच दिवसांत त्या डबा घेऊन सरांच्या घरी गेल्या. चौथ्या डब्यानंतर सर स्वतः आले, उत्तरपत्रिका तपासावी तसा बोर्ड वाचला, एक वेलांटी सुधारली आणि जेवायला बसले. हळूहळू तेच आपल्यासारखी माणसं आणू लागले.

गेल्या वर्षी गुडघे अक्कांना उभं राहू देईनात. मुलगा गावी न्यायला आला. आता स्वयंपाकघरात मी एकटी. अक्का निघाल्या त्या सकाळी ग्रेव्ही मी केली होती. इतक्या वर्षांत हॉटेलातलं त्यांनी चमचाभर चाखण्यापलीकडे कधी खाल्लं नव्हतं. त्या दिवशी वाटी मागितली, भाकरी कुस्करली आणि निवांत संपवली. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी.

"बराबर झालीय," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून घरचा रिकामा डबा काढून माझ्यापुढे केला. "काठोकाठ भरा ताई. नातवंडांना नेते."