एका सिमसाठी कितीदा अंगठा दिला

बायांनो, आज सकाळी दारात पोलीस आला. माझ्या नावावरच्या नंबरवरून कुणाला तरी लुबाडलंय म्हणाला.

मी म्हटलं, "साहेब, माझ्याकडे एकच सिम आहे."

"ताई, तुमच्या आधारवर अजून नंबर निघालेत. अंगठा तुमचाच आहे."

मग आठवलं. काशीमीऱ्याला रस्त्यावर छत्री लावून बसतो त्या सिमवाल्याकडून सिम घेतलेलं. "भाभी, अंगूठा नहीं आया, फिर से रखो," तो म्हणत राहिला, मी ठेवत राहिले. मासळी साफ करून आमची बोटं झिजलेली, रेशनच्या मशीनवरही पटकन लागत नाहीत. मला वाटलं माझ्याच बोटाची चूक. आता कळलं, तो दरवेळी माझ्या नावावर नवीन सिम काढत होता.

उद्या चौकीला बोलावलंय. नवरा बोटीवर गेलाय. पोरगी अंगावर पिते. तिला सोबत नेऊ का शेजारी ठेवू? मला सोडतील ना संध्याकाळपर्यंत?